ट्रेकिंगच्या बुटात इन्सोल कोणता टाकावा? (टाचेने जीव नकोसा केला आहे)

फुटाळ्याचा बगळा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१४

राम राम मंडळी. प्रश्न छोटा आहे पण मी थोडं पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसातले आम्ही चौघं उत्तराखंडातल्या केदारकांठ्याला जाणार आहोत. उंची ३,८०० मीटरच्या आसपास, बर्फ नक्की. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर, आणि आमच्या चौघांचा आजवरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे गावातली सेमिनरी हिल्सची टेकडी. तर सराव पाहिजे म्हणून गेल्या महिन्यात पचमढीला जाऊन चौरागड करून आलो. चढताना काहीच नाही, उलट मी सगळ्यांच्या पुढे. उतरताना मात्र त्या हजारावर पायऱ्यांनी सगळा माज उतरवला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. आणि तेव्हापासून सकाळी पलंगावरून खाली पाय ठेवला की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखे वाटते. दहा-पंधरा पावलं चाललो की कमी होते, मग ऑफिसात तासभर बसून उठलो की पुन्हा सुरू.

बूट चांगले आहेत, नवीन आहेत, महाग आहेत, त्याबद्दल शंका घेऊ नका. सगळे म्हणतात आतला इन्सोल (तळव्याखालचा सुटा थर) बदल. बर्डीच्या बाजारात फिरलो तर एकाने जेलचा दाखवला साडेतीनशेचा, दुसऱ्याने टाचेखाली प्लास्टिकची कडक वाटी असलेला अठराशेचा. ऑफिसातला एक जण म्हणतो बाहेरच्या देशातला हिरवा मागव चार-साडेचार हजाराचा. आणि एका ठिकाणी म्हणाले मापं घेऊन बनवून देतो, ते सात हजार. वय ४६, वजन ८४ (बायको म्हणते ८८).

कोणता घेऊ?

तर्री एक्स्ट्रा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

जेल घ्या भाऊ जेल. मी ऑफिसच्या बुटात टाकला आहे, ढगावर चालल्यासारखे वाटते. बाकीचे पैसे पोह्याला ठेवा.

गडवेडी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:०२

तर्री दादा, ऑफिसच्या फरशीवर ढग ठीक आहे हो, पण पाठीवर दहा किलो घेऊन दगडांवरून उतरताना ढग नको, जमीन पाहिजे.

बगळा भाऊ, मी दोन्ही वापरून पाहिले आहेत म्हणून सांगते. पहिल्या हिमालयन ट्रेकला मी पण जेलच नेला होता. पहिल्या दिवशी मस्त वाटलं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर टाच आत इकडून तिकडे सरकायला लागली आणि संध्याकाळी दोन्ही टाचांच्या मागे हे एवढाले फोड. मऊ वस्तूचं असंच असतं, दुकानात उभं राहिलं की बरी वाटते आणि पाय तिरपा पडला की ती पण तिरपी होते. मऊपणा म्हणजे आधार नाही हे मला फोड फुटल्यावर कळलं.

सोपी परीक्षा सांगते. इन्सोल हातात घ्या आणि तळव्याच्या कमानीच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. सपाट झाला तर तो फक्त गादी आहे. थोडा दबून परत आला, आणि टाचेची वाटी खोल आणि कडक असेल, तर त्याला आधाराचा म्हणायचं. वाटीचं काम टाचेला जागेवर धरून ठेवणं. टाचेखाली आपल्याला निसर्गाने चरबीची गादी दिलेलीच आहे, ती वजन पडलं की बाजूला पसरते. वाटी तिला पसरू देत नाही, म्हणजे आपलीच गादी आपल्या कामी येते.

आणि बुटासोबत जो इन्सोल येतो तो बहुतेक वेळा पातळ फोमचा तुकडा असतो, वीस हजाराच्या बुटात पण. महिन्या-दोन महिन्यात त्याचा पापड होतो.

वऱ्हाडी काका | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आम्ही नोकरीत असताना मेळघाट पालथा घातला, गाविलगड किती वेळा चढलो मोजदाद नाही. पायात काय तर कॅनव्हासचे बूट, आत वर्तमानपत्राची घडी. ओले झाले की घडी बदलायची. नागद्वारीच्या यात्रेला आपल्याकडची किती माणसं जातात, म्हातारी माणसं, पायात स्लिपर नाहीतर अनवाणी. त्यांना कोणी विचारलं का बाप्पा, तुमची कमान कशी आहे म्हणून? तुम्ही लोक आधी मऊ गादीत पाय वाढवता आणि मग टाच दुखते म्हणता.

मिहानचा मजूर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

काका, नमस्कार. पण ज्यांचे पाय नागद्वारीत गेले ते लोक धागे काढत नाहीत, त्यामुळे आपल्याला कळत नाही 😄

फुटाळ्याचा बगळा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

काका, वर्तमानपत्र कोणतं चांगलं राहील तेही सांगा. मराठी की हिंदी?

वऱ्हाडी काका | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

रविवारचं. पानं जास्त असतात.

टाचणी | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धरमपेठेत प्रॅक्टिस करते. न तपासता निदान करणार नाही, पण बगळा दादांनी जे लिहिलं आहे ना, सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, चालल्यावर कमी, बसून उठलं की पुन्हा, ही प्लांटर फॅसायटिसची अगदी ठरलेली गोष्ट आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याला एक जाड पट्टा असतो. धनुष्याची दोरी म्हणा. वजन पडलं की कमान दबते आणि दोरी ताणली जाते. तुम्ही काय केलं, बैठं काम करणारा माणूस, एका दिवसात हजारावर पायऱ्या चढून उतरलात. दोरी कुरकुरणारच.

एक्स-रे काढला तर कदाचित टाचेला हाड वाढलेलं दिसेल आणि घरचे घाबरतील. त्याला फार महत्त्व देऊ नका. दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या टाचेत ते हाड असतं.

इन्सोलबद्दल. या दुखण्यात तयार मिळणारा बऱ्यापैकी कडक इन्सोल आणि मापं घेऊन बनवलेला महागडा, यांची तुलना झालेली आहे, आणि बहुतेक लोकांना दोन्हीचा उपयोग साधारण सारखाच होतो. तेव्हा सात हजारवाला सध्या राहू द्या. बनवून घेण्याची गरज असते पण ती वेगळ्या पायांना, त्याबद्दल कोणी विचारलं तर लिहीन.

पण इन्सोल म्हणजे कुबडी आहे, औषध नाही. औषध हे: पायरीच्या कडेवर उभं राहा, टाचा हवेत, पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. तीन सेकंदात वर जा, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदात खाली या. जमेल तेवढे बारा, एक दिवसाआड. हळूहळू एका पायावर, मग पाठीवर बॅग घेऊन. बाटलीत पाणी गोठवून त्यावर तळवा फिरवला तर बरं वाटतं, तेही करा. दोन महिने आहेत तुमच्याकडे, आजपासून सुरू केलं तर फरक पडेल, पण दिवाळीनंतर बघू म्हणालात तर नाही.

आणि महत्त्वाचं. काळी नखं हे टाचेचं दुखणं नाही. तो वेगळा प्रश्न आहे. बुटाचा नंबर काय?

फुटाळ्याचा बगळा | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०२

खूप धन्यवाद ताई! व्यायाम आजपासून नक्की. म्हणजे मग अठराशेवाला घेऊ ना?

भरतीचा फौजी | १३ ऑक्टोबर, संध्या. ५:४८

कमानीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मला सैन्य भरतीत फ्लॅट फूट म्हणून बाहेर काढलं होतं. ओला पाय फरशीवर ठेवला तर अख्ख्या पायाचा शिक्का उमटतो, जशी पोळी लाटली आहे. गावात सगळे म्हणायले याच्या पायातच खोट आहे. त्यानंतर मी दोनदा हिमालयातलं सांदकफू केलं, कळसूबाई केलं, धूपगड तर पायीच जातो दर वर्षी. पाय कधी दुखला नाही. मग मला कमानीवाला इन्सोल पाहिजे की नाही? एका दुकानात मशीनवर उभं केलं, लाल-पिवळं चित्र दाखवलं आणि म्हणाले तुमच्या गुडघ्याची वाट लागणार आहे, हा घ्या.

टाचणी | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

फौजी भाऊ, आरशासमोर चवड्यांवर उभे राहा. टाचा उचलल्यावर कमान दिसायला लागली तर तुमचा सपाट पाय लवचिक आहे, आणि दुखत नसेल तर त्याला काहीही करायची गरज नाही. चित्रातला लाल रंग म्हणजे आजार नव्हे, तिथे दाब जास्त आहे एवढाच त्याचा अर्थ. खरं तर जास्त सांभाळावा लागतो तो उलटा पाय, खूप उंच आणि ताठ कमानीचा. तो धक्का पचवत नाही. त्यांना कडक आधारापेक्षा तळव्याला भरून लागणारा आणि जरा गादीदार असा पाहिजे असतो.

मोकाट | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

बगळ्याने नंबर सांगितला नाही हे कोणाच्या लक्षात आलं का?

तर्री एक्स्ट्रा | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१२

आलं आलं.

वर्धेकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

जरा अवांतर. इन्सोलला मराठीत चांगला शब्द आहे, सुकतळा. आमच्याकडे घराजवळ बसणारा मोची हाच शब्द वापरायचा, "भाऊ, सुकतळा गेला, नवा टाकू का". तो चामड्याचा टाकायचा, कडक असायचा, महिनाभर पायाला लागायचा आणि मग पायाचा ठसा त्यात असा बसायचा की दुसऱ्या कोणाला ती चप्पल घालवत नसे. आता त्यालाच थर्मो मोल्डेड (गरम करून पायाच्या आकाराचा केलेला) म्हणून चार हजार घेतात.

दुसरं अवांतर. वडिलांना वीस वर्षांपासून डायबेटीस आहे, तळव्याची संवेदना जवळपास गेली. त्यांच्यासाठी मऊपणाच लागतो, तिथे वरचा अंगठ्याने दाबायचा नियम चालत नाही. डॉक्टरांनी एमसीआरच्या चपला दिल्या, म्हणजे बारीक बारीक छिद्रांचं रबर. हे रबर मुळात कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी आपल्या देशात वापरात आलं, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा पायांवर मोठं काम केलं. दुखत नाही म्हणून जखम कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो. कुष्ठरोग्यांची सेवा जवळून पाहिलेल्या आमच्या वर्ध्या-वरोऱ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तर ज्यांना शुगर आहे त्यांनी आधी पायाची संवेदना तपासून घ्यावी, नायलॉनच्या बारीक तारेने दोन मिनिटांत होते, आणि मगच पहाडाच्या गोष्टी कराव्या.

टाचणी | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

वर्धेकर काकांनी माझं काम केलं. बनवून घेतलेला इन्सोल ज्यांना खरंच पाहिजे ते पाय हेच. डायबेटीस, संधिवात, जुनं फ्रॅक्चर, जन्मापासूनचं व्यंग. आणि तो ऑर्थोटिस्टकडून (असे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून), मॉलमधल्या मशीनवरून नाही.

हिमभालू | १४ ऑक्टोबर, रात्री १०:२०

उशिरा आलो पण विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून लांबण लावतो.

मी काही वर्षांपूर्वी उत्तरकाशीला पर्वतारोहणाचा बेसिक कोर्स केला, २८ दिवसांचा. तिथे बूट संस्थेचे मिळतात. आपल्या आधी कित्येक जणांनी घातलेले, आतला सुकतळा (शब्द आवडला) कोणाच्या तरी पायाच्या आकाराचा झालेला. माझ्या बॅचला एक मुलगा होता, तो घरून स्वतःचा इन्सोल घेऊन आला होता. आम्ही हसलो. आठव्या दिवशी अर्धी बॅच पायाला टेप लावत बसली होती आणि तो मजेत चहा पीत होता. तेव्हापासून माझा नियम असा की बूट भाड्याचा चालतो, इन्सोल माझा पाहिजे. केदारकांठ्याला बरेच लोक बूट पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने घेतात, त्यांनी तर हे नक्की करावं, तळहाताएवढं वजन वाढते बॅगेत.

आता बर्फातल्या बुटांची गोष्ट वेगळी. पर्वतारोहणाचा खरा बूट तळाशी फळीसारखा ताठ असतो, क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे मोठे दाते) बसावे म्हणून. तुमच्या ट्रेकिंगच्या बुटासारखा तो पावलाबरोबर वाकत नाही. त्यामुळे पाय आत वाकायला बघतो आणि बूट वाकत नाही, मग टाच उचलली जाते, हेच फोडांचं मूळ. तिथे खोल वाटीचा इन्सोल जास्तच कामाचा. पण बगळा भाऊ, केदारकांठ्याला असला बूट लागत नाही, मायक्रोस्पाइक (साखळीला लावलेले छोटे दाते) साध्या ट्रेकिंगच्या बुटावर चढतात, तेव्हा कोणी दुकानदार ताठ बूट गळ्यात मारायला लागला तर पळा.

थंडीचं म्हणाल तर बर्फावर उभं राहिलं की गारवा खालून येतो. तिथे पातळ इन्सोलपेक्षा जरा जाड, लोकर किंवा फेल्टचा थर असलेला बरा. पण जाड करायच्या नादात बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो. हा चुकीचा सौदा मी पाहिला आहे, दोन जोड मोजे, वर जाड इन्सोल, आणि बोटं निळी.

रात्री कॅम्पवर बुटातून इन्सोल काढून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचे. बुटातच ठेवले तर सकाळी घामाचा बर्फ झालेला असतो. वास येतो, पण तंबूत सगळ्यांचाच येतो.

तर्री एक्स्ट्रा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३३

म्हणजे सावजी खाऊन झोपणाऱ्याच्या शेजारी सुकतळे घेऊन झोपायचं. साहसी खेळ यालाच म्हणतात.

पेठेतला पाहुणा | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

पुण्याहून लिहितोय, नोकरीसाठी दोन वर्षं नागपुरात होतो. दुपारी गाडीच्या डिकीत ट्रेकिंगचे बूट ठेवण्याची चूक करू नका. मे महिन्यात माझ्या बुटाचा सोल अक्षरशः उघडला, डिंक सुटला. आणि जे लोक बूट चार-चार वर्षं कपाटात जपून ठेवतात त्यांनी पण सावध, सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमचा) थर हवेतल्या ओलाव्याने आतून सडतो, न वापरताही. वरून नवा दिसतो आणि पहिल्याच किल्ल्यावर चुरा होतो. त्यामुळे जुन्या बुटात महाग इन्सोल टाकण्याआधी मधला थर दाबून बघा.

आणि सुती मोजे घालू नका, कृपया.

मिहानचा मजूर | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:२१

कापसाच्या देशात येऊन सुती मोजे घालू नका म्हणतो हा माणूस. पुण्याचे लोक येऊन आमचं काय काय बंद करतील सांगता येत नाही.

गडवेडी | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

पण बरोबर बोलतायत ते. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, ओली कातडी लवकर सोलते. लोकरीचा पातळ मोजा घ्या.

आणि मायबायांसाठी एक सांगायचं होतं, कोणी सांगत नाही म्हणून. बाळंतपणानंतर माझा पाय पाचचा सहा झाला आणि तो परत पाच झालाच नाही. मी दोन वर्षं जुन्या बुटात इन्सोल बदलत बसले होते, की पाय दुखतो काहून. पाय वाढला होता हो! कमान थोडी खाली बसते, पाय लांबतो. वयानेही होतं, पुरुषांनाही. म्हणून इन्सोल घ्यायच्या आधी पाय मोजा. उभं राहून, संध्याकाळी, पाय सुजलेला असतो तेव्हा, दोन्ही पाय वेगवेगळे.

आणि बगळा भाऊ, आता तरी नंबर सांगा.

फुटाळ्याचा बगळा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

सांगतो बाप्पा. मी रोज ८ घालतो. दुकानदार म्हणाला ट्रेकिंगचा बूट एक नंबर मोठाच घ्यायचा असते. ९ मध्ये फक्त जांभळा होता. म्हणून १०.

मोकाट | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३१

😂😂😂

तर्री एक्स्ट्रा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३३

भाऊ बूट घेतला की नाव?

हिमभालू | १५ ऑक्टोबर, दुपारी २:१५

हसू नका रे, निम्मे लोक हेच करतात. बगळा भाऊ, एक काम करा. बुटातला इन्सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, मोजा घालून त्यावर उभे राहा, टाच मागे बरोबर जुळवून. पुढे बोटांपासून किती जागा उरते ते मोजून सांगा. सव्वा ते दीड सेंटीमीटर पाहिजे.

वर्धेकर | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

हा नंबर म्हणजे काय ते माहीत आहे का? ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, आणि तो आला जवाच्या दाण्यावरून. तीन दाणे म्हणजे एक इंच. आपल्याकडेही आठ यव म्हणजे एक अंगुळ होतंच की. युरोपचा नंबर वेगळा, त्यात एक नंबर म्हणजे पाऊण सेंटीमीटरही नाही. म्हणजे बगळा भाऊ तुम्ही जवाचे दोन दाणे मोठा बूट घेतला. ऐकायला काहीच नाही, उतारावर मात्र सगळं नखावर येते.

फुटाळ्याचा बगळा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

मोजलं. पावणेतीन सेंटीमीटर. बायकोने पट्टी धरली होती, तिने दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा मजा म्हणून.

पण मला हे समजत नाही, जागा जास्त आहे तर नखं आपटली कशी? लहान बुटात आपटायला पाहिजेत ना?

गडवेडी | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२५

कारण आत पाय घसरतो. रिकाम्या एसटीत ब्रेक लागला की मागच्या सीटवरचा माणूस ड्रायव्हरपर्यंत येतो, भरलेल्या एसटीत जागचा हलत नाही. अख्ख्या उतारावर तुमचा अंगठा ब्रेक मारत होता.

आणि दुसरी गोष्ट, मोठ्या बुटात बुटाची कमान तुमच्या कमानीच्या पुढे येते, वाकायची जागा पण चुकते. तुम्ही कितीही चांगला इन्सोल टाका, बूट १० चा म्हणून इन्सोल पण १० चा घ्याल, मग त्याचा उंचवटा चुकीच्या जागी टोचणार.

टाचणी | १५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पायाची लांबी एक, आणि टाचेपासून चवड्याच्या गोळ्यापर्यंतची लांबी दुसरी. दोन माणसांचा नंबर एकच असतो पण एकाची बोटं लांब असतात. इन्सोलचा उंचवटा चवड्याच्या मागे संपला पाहिजे. चवड्याखाली टोचत असेल तर तो तुमचा नाही, कितीही नावाजलेला असो.

वऱ्हाडी काका | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

म्हणून सांगत होतो, वर्तमानपत्र. पुढे कोंबायचं.

फुटाळ्याचा बगळा | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

मग आता १० च्या बुटात जाड इन्सोल टाकून जागा भरता येईल का? बूट फेकवत नाही हो, नऊ हजाराचा आहे. आणि घरी सांगू काय?

हिमभालू | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:००

नाही. इन्सोल बुटाची उंची भरतो, लांबी भरत नाही. अर्ध्या नंबराचा सैलपणा असता तर इन्सोलने आणि बांधायच्या पद्धतीने भागलं असतं, घोट्याच्या वळणावर दोनदा पीळ देऊन गाठ मारली की टाच मागे राहते. दोन नंबर भागत नाही. जांभळा ९ घ्या. बर्फात कोणी रंग बघत नाही.

पेठेतला पाहुणा | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

दुकानात स्वतःचा इन्सोल आणि ट्रेकचा मोजा घेऊन जा, आतला काढून तुमचा टाकून मग बूट घालून बघा. उलट क्रमाने खरेदी केली की बूट बरोबर आणि इन्सोल टाकल्यावर घट्ट, असं होतं. अनुभव आहे.

फुटाळ्याचा बगळा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मंडळी, महिनाभराने आलो, हिशोब द्यायला.

जांभळे नाही घेतले, दुसऱ्या कंपनीचे ९ मिळाले, तपकिरी. आधी इन्सोल घेतला, तोच अठराशेवाला, मग तो खिशात घालून चार दुकानं फिरलो. एका दुकानातला पोरगा म्हणाला काका तुम्ही पहिले गिऱ्हाईक जे बूट इन्सोलच्या मापाने घेऊन राहिले.

घरी आल्यावर जुना इन्सोल नव्यावर ठेवून पेनने रेघ मारली आणि पुढून कापला, टाचेकडून नाही. पहिल्यांदा भीत भीत कमी कापला तर पुढे चुरगळला, मग अजून दोन मिलिमीटर. बुटातला जुना काढून टाकायचा असतो हे मला माहीत नव्हतं, पहिल्या दिवशी मी नवा त्याच्यावरच टाकून अंबाझरीला फिरायला गेलो होतो आणि टाच बुटाच्या बाहेर यायला बघत होती. माझ्यासारखा अजून कोणी असेल म्हणून लिहून ठेवतो.

सुरुवातीचे चार-पाच दिवस कमानीखाली लिंबू ठेवल्यासारखे वाटते. रोज तास-दीड तासच घातला, मग वाढवला. दहाव्या दिवसापासून आहे की नाही कळत नाही. एकच त्रास, चालताना चूं चूं आवाज येते. फुटाळ्यावर सकाळी लोक वळून बघतात.

टाचणी ताई, व्यायाम एक दिवसाआड चालू आहे, आता बॅगेत तांदळाची पाच किलोची पिशवी घालून करतो. सकाळचा खिळा आता टाचणी झाला आहे (माफ करा), जातो म्हणत नाही पण चार पावलांत थांबते.

गेल्या रविवारी पुन्हा चौरागड केला, नागपूरहून पहाटे छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालो. उतरताना नखं शाबूत. गुडघे मात्र बोलले, पण त्यासाठी मी वेगळा धागा काढणार नाही.

टाचणी | २३ नोव्हेंबर, रात्री १०:००

छान! सहा आठवड्यांत एवढं म्हणजे चांगलंच आहे. ट्रेकवरून आल्यावरही व्यायाम दोन-तीन महिने सोडू नका. गुडघ्यांसाठी काठ्या न्या, दोन.

गडवेडी | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१२

चूं चूं साठी इन्सोलच्या खाली, बुटात, थोडी टाल्कम पावडर टाका. प्लास्टिक घासतं म्हणून आवाज येतो.

तर्री एक्स्ट्रा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नका टाकू. बर्फात हरवले तर आवाजावरून शोधता येईल.

भरतीचा फौजी | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मी चवड्यांवर उभा राहून पाहिलं. कमान दिसते! आईला पण दाखवली. लाल-पिवळ्या मशीनचे दोन हजार वाचले.

वऱ्हाडी काका | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

बगळा, तो अठराशेवाला पाच-सहा नंबरात येतो का? तुमच्या काकूंची टाच दुखते. माझी नाही.

फुटाळ्याचा बगळा | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

येतो काका, बर्डीवरच आहे, मी घेऊन देतो. काकूंना सोबत आणा, उभं राहून मोजावं लागते.

आणि हो, १० नंबरचे बूट फक्त एकदा वापरलेले, देणे आहेत. कोणाला पाहिजेत का?

मोकाट | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:०७

माझा नंबर १०. रंग कोणता?

फुटाळ्याचा बगळा | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:०८

जांभळा नाही.